तिसरा डेस्कटॉप

टायपिस्टबाईंनी माउस हलवला आणि पडद्यावरची खालची पट्टी अख्खीच्या अख्खी गायब झाली. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"आई, राहू दे ना आता," मुलगा दारातूनच म्हणाला. "तीस वर्षं कोर्टात टायपिंग केलंस, रिटायर झाल्यावरही वकिलांची कामं ओढतेस. हात बघ कसा थरथरतोय. कॉम्प्युटर भंगारात देऊ आणि तू आराम कर."

"आराम करायला मला काय झालंय?"

"शनिवारी चाळीस पानं द्यायची आहेत ना? नाही जमली तर हे काम शेवटचं. कबूल?"

बाईंनी उजवा हात मांडीवर घेतला आणि डाव्याने दाबून धरला. "कबूल," त्या म्हणाल्या.

सगळं खापर भाचीवर फुटत होतं. जुनी सिस्टीम इतकी रेंगाळायची, की फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. म्हणून भाचीने लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम घालून दिली. एक पैसा लागला नाही, आणि वर निवडीची चैन: मशीन तेच, पण सुरू करताना तीनपैकी कुठला डेस्कटॉप, म्हणजे पडद्याची कुठली मांडणी हवी, ते आपण ठरवायचं. पहिला जुन्यासारखा, खाली पट्टी असलेला. दुसरा मोबाइलसारखा, मोठ्या चित्रांचा. तिसरा भाचीने स्वतःसाठी ठेवला होता.

पहिल्यात पट्टी हातातून निसटायची. दुसऱ्यात हात भलत्याच चित्रावर जाऊन पडायचा. टाइप केलेली सात पानं एकदा कचरापेटीत जाऊन आली.

गुरुवारी भाची आली, तेव्हा बाई तिच्यावर उखडल्याच.

"मावशी, वयस्कर माणसांना हेच सोपं पडतं गं."

"वयस्कर कोणाला म्हणतेस? आणि तो तिसरा काय आहे?"

"तो नको. त्यात ना चित्रं, ना पट्टी. सगळं कीबोर्डवरून करायचं. आमच्या ऑफिसातलेही त्याला हात जोडतात."

"सगळं म्हणजे? फाइल उघडायची तीसुद्धा?"

"उघडायची, मिटायची, दुसरीकडे जायचं, सगळं. माउसला हातही लावायचा नाही."

बाईंनी माउस बाजूला सारला.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

तिसरा डेस्कटॉप सुरू केला, तर पडदा कोरा करकरीत होता. भाचीने दहा-बारा खुणा कागदावर लिहून दिल्या: ही दोन बटणं एकदम दाबली की हे, ती दोन दाबली की ते. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि उलटा ठेवला. मग टायपिंगच्या क्लासात शिकवायचे तसा कीबोर्डवर रुमाल पसरला आणि त्याखाली हात घातले. मोकळा असला की थरथरणारा हात, बोटं आपापल्या बटणांवर टेकताच गप्प बसला. पहिल्या तासात दोनदा चुकल्या. दुसऱ्या तासात रुमालाखालून एकसारखा टकटक आवाज यायला लागला, आणि भाचीने आपला मोबाइल बाजूला ठेवला.

शनिवारी मुलगा आला तेव्हा टेबलावर चाळीस पानं छापून तयार होती. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर माउस ठेवला होता, त्याची वायर नीट गुंडाळून.

"झाली?" त्याने दोन-चार पानं चाळली. एक चूक सापडेल तर शपथ. "बरं, जरा बस, मला एक मेल बघायचाय."

तो खुर्चीत बसला. पडदा कोरा. त्याने एक बटण दाबलं, मग दुसरं. मग उजवा हात टेबलावर चाचपडत राहिला.

"आई, हे सुरूच होत नाहीये. कुठे दाबायचं?"

बाई इतक्या मोकळेपणी हसल्या, की त्यालाही हसू आलं. त्यांनी रुमाल झटकला आणि कीबोर्डवर पसरला.

"घाल हात खाली. आणि वाकून बघायचं नाही," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटंच आहेत तुझ्याकडे. वकीलसाहेबांनी आणखी साठ पानं धाडली आहेत."