नमुना क्रमांक सतरा

मी एक जुना दगड आहे, असं सगळे एकतीस वर्षं म्हणत आले. मित्रांनो, मी दगड नाही. मी मळी आहे. लोखंड गाळताना भट्टीत वर तरंगणारी आणि गार झाल्यावर दगडासारखी घट्ट होणारी घाण. बल्गेरियातल्या एका डोंगरी गावात, लाकडी कोळशाच्या भट्टीत माझा जन्म झाला. लोखंड लोकांनी नेलं आणि मला नदीत भिरकावलं.

तिथंच मी रुमेना दोब्रेवा यांना सापडले. त्या विद्यापीठात नुकत्याच लागल्या होत्या आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना भूशास्त्र शिकवायच्या. मी काळी, जड, अंगभर बुडबुड्यांची भोकं. "बघा, ज्वालामुखीचा बेसाल्ट!" असं म्हणत त्यांनी मला पाठपिशवीत टाकलं. माझ्यावर पांढरा ठिपका काढून सतरा आकडा घातला आणि चिठ्ठी चिकटवली. मला तोंड असतं तर तेव्हाच बोलले असते. खरं सांगायचं तर, तरीही बोलले नसते. उकिरड्यातून उचलून कुणी कपाटात बसवलं, तर नाही कोण म्हणेल?

मॅडम जीव तोडून शिकवायच्या. "नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. जीभ लावा, आम्लाचा थेंब टाका, मग बोला," असं बजावायच्या. पण वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना आधीच सांगून ठेवत, सतरा म्हणजे बेसाल्ट. मग मला कोण चाटतंय? सगळे ठिपका बघत आणि उत्तर देत. मॅडम शाबासकी देत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

मी कपाटात आल्याच्या विसाव्या वर्षी मिलका आली. ती माझ्याच गावची. तोंडी परीक्षेत मी तिच्या हाती आले. तिनं मला उलटंसुलटं केलं, हातात तोललं.

"मॅडम, हा दगड नाहीये."

"मग काय, पाव आहे?" मॅडम म्हणाल्या. सगळे खो खो हसले.

"मळी आहे. आमच्या गावात ढीग पडलेत हिचे. आजोबांनी कोंबड्यांच्या खुराड्याची भिंत हिचीच घातलीय."

"अगं, तू जन्मायच्या आधीपासून हा बेसाल्ट आहे! खुराड्यातलं भूशास्त्र घरी ठेव."

मॅडमनी तिला सहापैकी दोन गुण दिले, म्हणजे नापास. फेरपरीक्षेला मिलका आलीच नाही.

त्या संध्याकाळी मॅडमनी हातोडीनं माझा कोपरा उडवला. आत कोळशाचा तुकडा होता. ज्वालामुखीत कोळसा कोण टाकणार? मग त्यांनी मला फुटकी बाजू खाली करून ट्रेमध्ये ठेवलं. आणखी अकरा वर्षं मी तशीच होते. परीक्षेत कुणी "बेसाल्ट" म्हटलं की त्या खिडकीबाहेर बघत. लाज दोघींनाही वाटत होती आणि गप्पही दोघी होतो.

निवृत्तीच्या आठवड्यात मॅडम मला पिशवीत घालून बसनं त्या गावी गेल्या. मिलका आता बेकरीत काम करायची. मॅडमनी मला तिच्यासमोर फळीवर ठेवलं.

"तुझं बरोबर होतं गं."

"मला माहीत होतं," मिलका म्हणाली. "तुम्हाला कधी कळलं?"

मॅडमना खोटं बोलता आलं असतं. "त्याच दिवशी," त्या म्हणाल्या.

मिलकानं एका गिऱ्हाइकाला पाव बांधून दिले. हात पुसले. मग म्हणाली, "माफी नको मला. हिला परत न्या आणि चिठ्ठी बदला. माझं नाव घाला. आणि तुम्ही दिलेले गुणही घाला."

आता मी त्याच ट्रेमध्ये आहे. चिठ्ठीवर मॅडमचं अक्षर आहे : 'भट्टीची मळी. ओळखणारी : मिलका स्तोएवा, पहिलं वर्ष. गुण : दोन.' मुलं वाचतात, आधी हसतात आणि मग विचारतात, "असं कसं?"

मित्रांनो, मला जपून हाताळा असं मी म्हणणार नाही. पण वर्गात कुणी एकटंच वेगळं बोललं, तर हसू नका. आणि ते खरं निघालं, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. मॅडम सांगायला गेल्या तेव्हा अकरा वर्षं होऊन गेली होती, आणि मिलका शिक्षण सोडून भट्टीतले पाव काढत होती.