पाडलेली कोंबडी

राग आला की माझी बोटं गार पडतात. शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी ती सकाळपासूनच गार होती.

आमच्या ट्वेट घराण्यात फेझंटच्या, म्हणजे लांब शेपटीच्या रानपक्ष्याच्या, शिकारीचा पहिला दिवस म्हणजे नाताळाहून मोठा सण. पुरुषांनी केशरी जाकिटं घालून रांग धरून मक्यात शिरायचं आणि बायकांनी घरी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, ढवळायची, दालचिनीचे रोल भाजायचे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी ढवळतेच आहे. यंदा नवऱ्याला स्वच्छ सांगितलं, "कर्ट, पातेलं तयार आहे. ढवळायला दोन हात असलेला कोणीही चालेल. मी रांगेत चालणार."

"व्हर्लिन काय म्हणेल?" हे कर्टचं पहिलं वाक्य. व्हर्लिन म्हणजे त्याचा थोरला भाऊ. कर्टला भूक लागली तरी तो आधी व्हर्लिनला विचारेल.

"काय म्हणायचं ते म्हणू दे. परवाना माझ्या नावाचा आहे."

मला जायचं होतं ते लेफ्साला घेऊन. लेफ्सा माझी कुत्री, दीड वर्षाची. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग, तव्यावरच्या लेफ्सा नावाच्या बटाट्याच्या पोळीला पडतात तसे, म्हणून हे नाव. घरातले बाकीचे कुत्रे लॅब्रॅडॉर. त्यांचं काम सोपं, पक्ष्याचा वास आला की अंगावर धावून जायचं आणि उडवायचं. लेफ्साची जात वेगळी. वास लागला की ती जागच्या जागी थिजते. एक पाय वर, शेपूट ताठ, नाक पक्ष्याकडे. ह्यालाच पॉइंट म्हणतात. मग आपण शांतपणे तिच्या पुढे जायचं, पक्षी आपण उडवायचा. तोवर तिने हलायचं नाही.

हे मी तिला शिकवलं, आणि तिने मला. हिवाळाभर गळाच्या काठीला पंख बांधून तिच्यासमोर नाचवला. बंदुकीच्या आवाजाला घाबरू नये म्हणून ती जेवत असताना पातेल्यांवर झाकणं आपटली. पडलेला पक्षी माझ्याच हातात आणून द्यायचा, हे तिच्या अंगवळणी पाडलं. उन्हाळ्यात मी स्वतः हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायला शिकले. खांदा काळानिळा झाला. कर्ट म्हणाला, "हौस आहे बाई तुला." हौस! त्याची असली की परंपरा, माझी असली की हौस.

सकाळी मला बघताच व्हर्लिन ओरडला, "अरे वा, मार्लिस! चिली कोण बघतंय? आणि हे काय, बागेत ठेवायचा पुतळा आणलास?"

सगळे हसले. कर्टसुद्धा हसला, जरासाच, पण हसला.

"पुतळा उभा राहिला की थांबावं लागतं," मी म्हटलं. "नियम माहीत आहे ना?"

"रांग कोणासाठी थांबत नसते. आणि नियमाचं मला शिकवू नकोस. कोंबडा उडाला तर मारायचा. कोंबडी उडाली तर बंदूक खाली. नवशिक्यांच्या हातून हमखास कोंबडी पडते."

कोंबडी म्हणजे फेझंटची मादी; ती मारायची नाही, हा सरकारी कायदा. आमच्या रांगेचा कायदा त्याहून कडक. ज्याच्या हातून कोंबडी पडेल त्याने स्वतः वन्यजीव अधिकाऱ्याला फोन करायचा, संध्याकाळी सगळ्यांचे पक्षी एकट्याने सोलायचे, आणि त्या वर्षी पुन्हा रांगेत पाऊल टाकायचं नाही. व्हर्लिनने हा कायदा स्वतःच्या जावयालाही लावला होता. तो बिचारा नंतर कधी आलाच नाही. म्हणजे माझ्या हातून एक कोंबडी पडली की वर्षभराची मेहनत पाण्यात आणि मी परत पातेल्यापाशी. व्हर्लिन त्याचीच वाट बघत होता.

दिवसभर काय झालं म्हणता? लेफ्सा थिजली की मी हात वर करून ओरडायची, "थांबा, पॉइंट आहे!" आणि व्हर्लिन शीळ घालून आपले लॅब्रॅडॉर सोडायचा. ते धाडधाड येऊन पक्षी उडवायचे आणि कोणीतरी तिसराच मारायचा. एकदा नाही, दर वेळी हेच! लेफ्सा माझ्याकडे बघायची. सांगितलं तसंच केलं ना मी, असा तिचा चेहरा. मला रडू यायचं बाकी होतं. अख्ख्या दिवसात मला एक बार काढायला मिळाला नाही.

ऊन उतरल्यावर शेवटची फेरी ओढ्याकाठच्या पाणकणसाच्या उंच गवतातून निघाली. बाकीचे सगळे पलीकडच्या टोकाला, रस्त्याजवळ, पळणारे पक्षी अडवायला उभे. आत आम्ही तिघंच. काठाने मी, माझ्या डावीकडे व्हर्लिन, त्याच्या पलीकडे कर्ट. लॅब्रॅडॉर दमून ट्रकमध्ये झोपले होते, देवाची कृपा.

लेफ्सा थिजली. असा पॉइंट तिने आजवर दिला नव्हता. मान वळलेली, ओठ थरथरताहेत, बाकी दगड. मी म्हटलं, "थांब, राणी, थांब." हळूच तिच्या पुढे गेले आणि गवतात पाय मारला.

फडफड झाली आणि पक्षी थेट मावळतीकडे उठला. सूर्य डोळ्यांत. नुसती काळी आकृती. रंग दिसेना, कोंबड्याच्या मानेवर असतो तो पांढरा पट्टा दिसेना. बोट चापावर होतं. पण रंग दिसला नाही तर मारायचं नाही. मी बंदूक खाली केली.

धाड! डावीकडून बार झाला. छर्रे लेफ्साच्या डोक्यावरून सणसणत गेले. पण पोर हलली नाही! मग मी "आण" म्हटल्यावर गेली, पाणकणसातून पक्षी उचलला आणि शिकवल्याप्रमाणे शहाण्यासारखा माझ्या हातात आणून दिला.

मातकट, बारकी. कोंबडी.

मी व्हर्लिनकडे पाहिलं. त्याने एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, एकदा रस्त्यावरच्या माणसांकडे. आणि तोंड वर करून ओरडला, "कोंबडी! मार्लिसने कोंबडी पाडली!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. रस्त्यावरच्यांनी काय पाहिलं? एक बार ऐकला आणि कुत्रीने पक्षी मला दिला. मी कर्टकडे वळले. तो बुटाला लागलेला चिखल बघत होता.

ट्रकपाशी सासरे बसले होते. त्यांनी कोंबडी बघितली आणि मान हलवली. व्हर्लिनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला हो!

"जाऊ दे, मार्लिस. नवीन माणसाकडून होतं. पण कायदा तो कायदा. तू फोन कर. आणि पुढच्या शनिवारी चिली जरा तिखट होऊ दे."

मी त्याचा हात झटकला. माझ्या बंदुकीला वरखाली दोन नळ्या. सगळ्यांसमोर ती मधून उघडली, दोन्ही काडतुसं काढून सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली. दोन्ही कोरी.

"नंतर भरली असतील," व्हर्लिन म्हणाला.

"बाबा, नळीतून बघा. काल रात्री तेलपाणी केलंय. आज एकही बार काढलेला नाही. कारण ह्या माणसाने मला दिवसभर एकही पक्षी मारू दिला नाही! प्रत्येक वेळी कुत्रे सोडले. तेच आता माझ्या कामी आलंय, व्हर्लिन. आभार मानू का तुझे?"

सासऱ्यांनी नळी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला, वास घेतला. मग व्हर्लिनच्या बंदुकीसाठी हात पुढे केला. व्हर्लिनने आपली बंदूक द्यायला फार वेळ लावला. तिचा वास मला उभ्या जागी येत होता.

"सूर्य डोळ्यांत होता," तो पुटपुटला.

"माझ्याही होता."

कोणी हसलं नाही. सासरे एवढंच म्हणाले, "फोन लाव, व्हर्लिन."

मग कर्टला वाचा फुटली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मी पाहिलं होतं गं. मी सांगणारच होतो."

"कधी? मी चिली ढवळायला लागल्यावर?"

"भाऊ आहे माझा. सगळ्यांसमोर कसं—"

"मला सगळ्यांसमोरच चोर ठरवलं, कर्ट. आणि तू मूग गिळून बसलास."

व्हर्लिनने माझ्यावर खोटा आळ घेतला त्याची चीड होतीच, पण तो पहिल्यापासून तसाच. कर्टच्या उशीशेजारी मी रोज डोकं ठेवते.

संध्याकाळी गोठ्यामागच्या फळीवर पक्ष्यांचा ढीग पडला होता. व्हर्लिन बाह्या सरसावून सोलायला बसला. आत चिली उकळत होती आणि चक्क कोणीतरी पुरुषच ती ढवळत होता. मी स्वयंपाकघरातून दुसरी सुरी आणली आणि कर्टच्या हातात दिली.

"मी कुठे कोंबडी मारली?" तो म्हणाला.

"मारली नाहीस. बघितलीस," मी म्हटलं. "बस."

तो बसला. लेफ्सा माझ्या पायाशी बसून दोघांकडे बघत होती. पुढच्या शनिवारी रांगेत व्हर्लिन नव्हता; त्याच्या मधल्या जागी लेफ्सा आणि मी चाललो.