रुक्माबाईंची पेटी ठेवावी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, आणि माझ्या पोटातला सूर अमर आहे. माणसे येतात आणि जातात, सूर मागे उरतो. हे वाक्य मी परवापरवापर्यंत फार गंभीरपणे म्हणत असे. सध्या माझ्या पोटात सुरांच्या जोडीला चिल्लर आहे, काही चुरगळलेल्या नोटा आहेत आणि लग्नातल्या आहेराचे एक रिकामे पाकीट आहे. ते पाकीट कोणीतरी दान केल्याचे चारचौघांना दिसावे म्हणून टाकले. तेव्हा अमरत्वाविषयी मी आता जपून बोलते.

पेटी म्हणजे कोणती, हे आधीच सांगून टाकते, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. मी वाजवायची पेटी आहे. शहरात मला हार्मोनियम म्हणतात. आमच्या कुरुंद्यात मात्र कोणी एवढी जीभ वळवत बसत नाही. पेटी म्हणतात आणि मोकळे होतात.

माझा जन्म नांदेडच्या एका अरुंद दुकानात झाला. अंग सागवानाचे, सूर पितळेचे आणि मागे घड्याघड्यांचा भाता. भाता म्हणजे माझी छाती. तो डाव्या हाताने हलवला की मी श्वास घेते आणि उजव्या हाताने पट्ट्या दाबल्या की बोलते. कुरुंद्याच्या जळबांनी मला विकत घेतले आणि एसटीच्या टपावर हळदीच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळून गावी आणले. ती हळद माझ्या भात्याच्या घड्यांत शिरली ती कायमची. अजूनही कोणी जोराने भाता मारला, तर पहिल्या रांगेतला माणूस शिंकतो.

जळबांना स्वतःला वाजवायला शिकायचे होते. दोन महिने त्यांनी माझे हाल केले. मग एका सकाळी त्यांच्या बायकोने, म्हणजे रुक्माबाईंनी, भाकरी थापता थापता सांगितले, "अवो, ती काळी न्हाई. तिच्या बाजूची पांढरी दाबा." त्या दिवसापासून मी रुक्माबाईंची झाले आणि जळबा माझे हमाल झाले. त्यांनी हे काम शेवटच्या श्वासापर्यंत आनंदाने केले.

मित्रांनो, काय ते दिवस होते! भीमजयंती आली की महिनाभर आम्हा दोघींना घर दिसत नसे. आज वसमत, उद्या औंढा, परवा हिंगोलीचे मैदान. सिद्धेश्वर धरणाच्या वसाहतीत आम्ही गायलो, तेव्हा मासे धरणारी माणसे ओल्या जाळ्यांसकट येऊन बसली. तांड्यावरच्या लग्नांतही बाईंना बोलावणे असे. बाईंनी तान घेतली की पुढचा फेटेवाला उठून "पुन्हा एकदा!" म्हणे, आणि बाई पुन्हा एकदा म्हणत. माझे कोणी नाव घेत नसे, पण मला त्याचे काही नाही. श्वासाला कोणी टाळ्या वाजवतो का?

मग एका जयंतीला बाईंनी तेच कडवे दुसऱ्यांदा म्हटले. लोकांना वाटले, बाई खुशीत आहेत. तिसऱ्यांदा म्हटले, तेव्हा शिट्ट्या आल्या. चौथ्यांदा म्हटले, तेव्हा एकाने स्टेजवर येऊन हार घातला. पुढचे कडवे बाईंना सापडत नव्हते. हे त्या अख्ख्या मंडपात मला आणि पल्लवीला कळले. मी पेटी, मला कोण विचारतो? आणि पल्लवी त्यांची मुलगी. ती विचारत बसली नाही. तिने मागच्या रांगेतून उठून पुढची ओळ धरली.

पल्लवी गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. तिने आईला डॉक्टरांकडे नेले. आजाराचे नाव निघाले अल्झायमर. गावात येईपर्यंत त्याचे अलजामर झाले, आणि एका म्हाताऱ्याने तर "हे कोन्या गावचं पाव्हणं?" असेही विचारले. पाहुणा मात्र राहायलाच आला होता. त्याने आधी बाईंची गावे नेली, मग घरची वाट नेली, मग जळबा गेल्याची गोष्ट नेली. (बाई अजून कधीमधी त्यांच्यासाठी भाकर झाकून ठेवतात.) शेवटी एक दिवस बाई मुलीला म्हणाल्या, "तुमी लई चांगल्या आहात बाई. तुमची माय वाट पाहत असंल, जा आता घरी."

त्या संध्याकाळी पल्लवीने मला आईपुढे ठेवले. का ठेवले, ते तिलाही माहीत नसावे. बाईंचा डावा हात आपोआप भात्यावर गेला, उजवा पट्ट्यांवर आला, आणि त्या पाळणा म्हणू लागल्या. हा पाळणा त्यांनी स्वतः रचला होता, पल्लवीच्या बारशाला. त्याची शेवटची ओळ अशी आहे: "पिंपळाच्या फांदीला गं, आली पल्लवी." शेवटच्या शब्दाला सूर एकदम वर चढतो. त्या सुरासाठी उजवीकडची एक पांढरी पट्टी लागते, जी अख्ख्या पाळण्यात आधी कुठेच लागत नाही. बाईंचे बोट त्या पट्टीवर गेले, सूर निघाला, सुरामागून शब्द निघाला, आणि शब्दामागून बाईंची नजर वर आली.

"पल्ले," त्या म्हणाल्या, "चहा घेतलास का?"

मित्रांनो, तेव्हापासून रोज दिवेलागणीला आमचा हा एकच कार्यक्रम असे. बाई पाळणा म्हणत, शेवटच्या शब्दाशी त्यांना लेक सापडे, चहाचे विचारून होई, आणि थोड्या वेळाने लेक पुन्हा हरवे. तेवढ्या वेळासाठी पल्लवी दिवसभर काम करी. मोठमोठ्या मंडपांत मी जे केले नाही, ते या पडवीत करत होते. माझे आयुष्य इथेच सुखाने संपायचे. पण बाईंना चाहते होते.

चाहते वाईट नव्हते, हे मला रागातही सांगितले पाहिजे. "रुक्माबाई चाहता मंच" याचे अध्यक्ष तातेराव हे हळदीचे आडते, आणि बाईंच्या गाण्याला मंडपात उघड रडणारा एवढा धट्टाकट्टा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांनी एकदा मोबाइलवर पाहिले की परदेशात कुठल्याशा खेळाडूला हाच आजार झाला, तर त्याच्या चाहत्यांनी निधी जमवून संशोधनाला दिला. तातेरावांचे डोळे भरून आले. "त्यायचे चाहते चाहते, अन् आपुन काय बाजारबुणगे?" असे म्हणून त्यांनी बैठक लावली. बैठकीत अल्झायमर संशोधन निधी जमवायचे ठरले. संशोधन कोण करतो आणि निधी पाठवायचा कुठे, हे नंतर पाहायचे ठरले. फ्लेक्स मात्र त्याच दिवशी छापायला गेला.

आणि ठराव झाला: "मंडपात रुक्माबाईंची पेटी ठेवावी. तिला पैसे टाकण्यास फट असावी. मजबूत कुलूप असावे. पैसा कोठूनही बाहेर पडू नये."

तातेरावांच्या मनात होती बाईंच्या नावाची दानपेटी. तोंडून निघाली रुक्माबाईंची पेटी. मंचाचा सचिव विकास, ज्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, तो ठरावाचा शब्द खाली पडू न देणारा माणूस. तो सरळ आमच्या पडवीत आला.

"ताई, बाईची पेटी पाहिजे. उद्या कार्यक्रमाला."

पल्लवीचा चेहरा उजळला. "आई गाणार हाये का?"

"बाई स्टेजवरच ऱ्हातील की. पेटी त्यायच्या म्होरंच ठेवू."

"न्या मंग. पण जपून न्या, भाऊ. अन् कार्यक्रम झाला की लगेच माघारी आणा. आजची संध्याकाळ कशीबशी काढू, पण आईला रोज संध्याकाळी लागती."

"बराबर," विकास म्हणाला. पल्लवीने मला ओल्या फडक्याने पुसले, जुन्या लुगड्यात बांधले आणि त्याच्या हाती दिले. दोघेही एकच शब्द बोलले होते आणि दोघांनाही तो नीट कळला होता.

विकासने मला ग्यानोबा सुताराकडे नेले. ग्यानोबा मला उलटीपालटी करून म्हणाला, "अरे, ही तं वाजायची पेटी हाये."

"व्हय. बाईचीच हाये. लोकं श्रद्धेनं टाकतील."

"अन् हिला फट पाडायची?"

"ठरावच हाये तसा."

ठराव म्हटल्यावर ग्यानोबाने पुढे विचारले नाही. त्याने पट्ट्यांच्या मागच्या झाकणाला पटाशीने फट पाडली. झाकणाला कडी-कोयंडा ठोकला. मग विकास माझ्या मागे आला, भाता हलवून पाहू लागला आणि म्हणाला, "हे तं मागून उघडंच हाये! इथून पैसा पडला तं?" आणि मित्रांनो, ग्यानोबाने माझा भाता दाबून धरला आणि त्यात चार खिळे ठोकले. ज्या छातीने मी तीन तालुके जागवले, ती पैसा सांडू नये म्हणून बंद करण्यात आली. मी ओरडलेही नाही. ओरडायला श्वास लागतो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मंडप भरला. फ्लेक्सवर मंचाचे सगळे पदाधिकारी होते आणि कोपऱ्यात, प्रमुख पाहुण्यांच्या खांद्यामागे, बाई होत्या. मला टेबलावर ठेवले, झेंडूचा हार घातला. तातेरावांना मी दिसताच ते क्षणभर थबकले. "ही?" असे त्यांनी विकासला विचारलेही. पण तेवढ्यात पाहुण्यांनी पहिले नाणे टाकले, फोटो निघाला, आणि फोटो निघाल्यावर चूक सुधारायची पद्धत आपल्याकडे नाही. लोक रांगेने आले. काहींनी माझ्या पाया पडून घेतले. टाकलेल्या पैशांपैकी एक नाणे घरंगळत गेले आणि उजवीकडच्या एका पांढऱ्या पट्टीखाली जाऊन बसले. कोणत्या पट्टीखाली, ते तुम्ही ओळखले असेल.

तातेरावांनी सुतळीत ओवलेली किल्ली उंच धरून सभेला दाखवली. "किल्ली माझ्यापाशी. पाहुण्यायच्या हातानं जाहीर मोजणी व्हईल. संशोधनाच्या पैशाला पाय फुटणार न्हाईत!" टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, "आता आपल्या बाई आपल्याला एक गाणं म्हणून दाखवतील."

पल्लवी आईला धरून स्टेजवर आली आणि तिने मला पाहिले. हार बाजूला केला. फटीवर बोट फिरवले. खिळ्यांपाशी आल्यावर तिचा हात थांबला.

"काका, हे काय करून ठेवलं?"

"पोरी, म्या दानपेटी म्हणलो व्हतो."

"तुमी पेटी म्हणले," विकास म्हणाला. "रुक्माबाईची पेटी म्हणले. सगळ्यायनं ऐकलं."

"अरे, पण तुला डोकं न्हाई का?"

"काहून? ठराव तुमचा, अन् डोकं म्या लावू?"

या वादात बाईंकडे कोणाचे लक्ष नव्हते. त्या माझ्यापाशी बसल्या होत्या. डावा हात भात्यावर गेला आणि अडकला. उजव्या हाताने त्यांनी पट्ट्या दाबल्या. आतून चिल्लर खुळखुळली. बाईंनी मला थोपटले, आणि फार अदबीने, जशा परक्या घरी बोलतात तशा, म्हणाल्या, "हा कुणाचा तरी गल्ला हाये बाई. माझी पेटी आणा की."

मंडपाने टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, खरेच वाजवल्या.

पल्लवी टाळ्यांकडे वळली. "काय गोड लागलं तुमाला?" ती माइकशिवायच म्हणाली, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. "ग्यानोबादादा, वर या. खिळे काढा." ग्यानोबा आला, त्याने मान खाली घालून खिळे उपटले. मग त्याचा हात कुलपाकडे गेला, तसे मंचाचे दोन सदस्य मध्ये पडले.

"कुलपाला हात न्हाई! निधी हाये तो!"

"मंग किल्ली द्या, काका."

"पोरी, तकलीफ समजते मला. पण जाहीर मोजणीबिगर उघडली तं उद्या लोकं काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील, हे पल्लवीलाही माहीत होते. तिने स्वतः कुलूप फोडले असते, तर गावाने जन्मभर म्हटले असते की पोरीने आईच्या आजाराचा पैसा खाल्ला. म्हणून ती फक्त एवढेच बोलली, "पैसा तुमचा, पेटी आमची. मोजायचा तवा घरी येऊन मोजा." आणि मला काखेत मारून, आईचा हात धरून ती चालू लागली. मागून कोणीतरी ओरडलेच, "निधी घेऊन चालली!"

घरी तिने भात्याच्या भोकांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. आता मी खोकत का होईना, वाजते. दिवेलागणीला बाई पाळणा म्हणतात. पिंपळ येतो, फांदी येते, आणि बोट त्या पांढऱ्या पट्टीवर जाते. पट्टी दबत नाही. बाई पुन्हा दाबतात. सूर येत नाही, म्हणून शब्द येत नाही, म्हणून नजर वर येत नाही. एकदा न राहवून पल्लवीने तो शब्द स्वतःच म्हटला.

"नाव चांगलं हाये," बाई म्हणाल्या. "कुणाची पोरगी?"

मित्रांनो, या आजारावर संशोधन व्हायलाच हवे. त्यासाठी पैसा जमवा, अगदी सढळ हाताने जमवा. पण ज्याच्या नावाने जमवता, त्याच्या पडवीत एकदा तरी दिवेलागणीला जाऊन बसा. त्याचे काय उरले आहे, ते आधी पाहा. आणि कोणाच्या घरातून एखादी वस्तू उचलताना ती तिथे काय काम करते, एवढे तरी विचारा. चाहत्यांकडून आम्हा जुन्या वस्तूंची यापेक्षा मोठी अपेक्षा नाही.

गेल्या रविवारी जाहीर मोजणी ठरली होती. आमच्या पडवीपुढे खुर्च्या मांडल्या, पाहुणे आले, हार आले, माइकही आला. मोजणी झाली नाही. कुलूप फोडायला नवा ठराव लागतो आणि पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. किल्ली कुठे ठेवली, ते तातेरावांना आठवत नाही.