पोनिरानला काहीच होत नाही

मोतीबिंदू झालेल्या माणसाच्या सायकलरिक्षात बसायला छाती लागते. आमच्या जावातल्या क्लातेन गावाला गिऱ्हाईक पुढं बसतं आणि रिक्षा मारणारा मागं, म्हणजे जे काय धडकायचं ते आधी गिऱ्हाईकाला. कांग पोनिराननं एका सकाळी टोफूवालीला सरळ भाजीच्या गाड्यावर नेऊन घातलं. तेव्हा त्याच्या बायकोनं, तुमिनेमनं, रिक्षाच्या चाकाला साखळी घातली आणि किल्ली कमरेला खोचली. डोळे नीट होईस्तवर रिक्षाला हात लावायचा नाही, म्हणाली.

आता रिक्षा गेली म्हणजे कांगचं सगळंच गेलं. वयानं मोठा म्हणून मी त्याला कांग म्हणतो, पण आम्ही शेजारी, एकाच नाक्यावरचे. दिवसभर अंगणात कोंबड्यांबरोबर बसलेला मला बघवेना.

खरं तर अडचण काही नव्हती. सरकारी विम्याचं कार्ड होतं, त्याचा हप्ताही सरकारच भरतं. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन फुकट. फक्त आधी आपल्या भागातल्या दवाखान्याची चिठ्ठी लागते. ती नसली तर मोठं इस्पितळ दारातनंच परत पाठवतं. आणि कांग दोनदा जाऊन दोनदा हात हलवत आला होता.

कारण आम्ही जावाची माणसं. मोठ्या माणसानं कसं काय विचारलं की बरं आहे म्हणायचं, मग पोटात सुरी का घुसलेली असेना. त्यातून इलाज फुकटचा, मग तर कुरकुर करणं म्हणजे पापच. डॉक्टर रोतुआबाई पडल्या सुमात्राकडच्या, बताक लोकांतल्या. त्यांच्यात हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. बाहेर रांग एवढी की बाईंना मान वर करायला सवड नाही. दिसायला त्रास होतो का, त्यांनी विचारलं. मुळीच नाही, आपली कृपा, हा म्हणाला. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला, तर यानं खालच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवला.

"कांग, तुम्हाला दिसलं कसं?" मी विचारलं.

"दिसतंय कुठलं. पुढचे लोक वाचत होते ते ऐकून पाठ केलं. एवढ्या शिकलेल्या बाई, त्यांच्यासमोर नापास कसं व्हायचं?"

"पास झालात ना," तुमिनेम आतनं म्हणाली. "आता बसा कोंबड्यांना शिकवत."

तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो. बोलायचं मीच, असं ठरलं होतं. पण वाटेत कांगनं मला शपथ घातली, डॉक्टरीणबाईंपुढं माझं रडगाणं गायचं नाही. थोरल्याची शपथ, मोडणार कशी? तोंड शिवून चाललो. हा आपला ठेवणीतला बाटिकचा सदरा घालून, बाईंसाठी उकडलेल्या कसाव्याच्या कंदांची पुरचुंडी घेऊन.

नंबर लागला. आत गेलो तर बाई नव्हत्या, मागं हात धुवायला गेल्या होत्या. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा पांढरा कोट टांगलेला. कांग त्या कोटापुढं कमरेतनं वाकला. पुरचुंडी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली.

"माझे डोळे ठणठणीत आहेत बाई," तो कोटाला म्हणाला. "या शेजाऱ्यानं उगाच आणलं."

कोट गप्प. कांगला वाटलं, बाई रागावल्या.

"आपलीच तब्येत बरी दिसत नाही आज," तो काळजीनं म्हणाला. "पार पांढऱ्या पडलाय."

बाई ओल्या हातांनी मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी कोटाकडं पाहिलं, कांगकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी छताकडं बघत राहिलो. शपथ शाबूत होती.

"बाबा, मी इकडं आहे," त्या म्हणाल्या.

हसू दाबत त्यांनी बॅटरी काढली आणि दोन्ही डोळ्यांत नीट बघितलं. मग हसू गेलं.

"हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. चूक माझी," त्या म्हणाल्या. "पण बाबा, तुम्ही बरं आहे म्हणायचं आणि मी ते ऐकून घरी पाठवायचं, मग आपण दोघांनी इथं यायचंच कशाला?"

चिठ्ठी मिळाली. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. कांगनं मात्र बाईंचं बोलणं चांगलंच मनावर घेतलं. इस्पितळातला भात गार होता, पट्टी आवळून बांधली होती, पंखा रात्रभर किरकिरत होता, हे सगळं त्यानं येऊन बाईंना सांगितलं. बाईंनी लिहून वर कळवलं. पंख्यात तेल पडलं म्हणतात, भाताचं माहीत नाही.

मग तुमिनेमनं साखळी काढली. पहिलं गिऱ्हाईक म्हणून स्वतःच पुढं बसली, छत्री मांडीवर घेऊन. नाक्याजवळ चढ लागला तसं तिनं मागं वळून विचारलं, "जड होतेय का हो मी?"

लग्न झाल्यापासून या प्रश्नाला तो छे म्हणत आला असणार. आज त्यानं पायडलवर जोर दिला.

"होतेस," म्हणाला.

छत्रीचा फटका बसलेला मी नाक्यावरनं बघितला. रिक्षा हलली, डुलली, पण वाट सोडून कुठं गेली नाही. दोघं हसत चढ चढून गेली.