ठमीने चोर ओळखला

दहा महिन्यांच्या ठमीने एका निरपराध माणसाला चोर ठरवलं आणि त्याची नोकरी घालवली. हे वाक्य वाचकांनी वाचलंच नाही असं समजावं. कारण ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी असलं काही कुणाच्या गावीही नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते.

टाळ्या वाजल्या त्या एका शिवणकामाच्या कारखान्यात. खाली रस्त्यावर काचेची खिडकी, तिच्यात कोट चढवलेला बिनडोक्याचा पुतळा. जिना चढून वर गेलं की शिलाई मशिनं, एक लांबलचक टेबल आणि कोपऱ्यात वाफेची इस्त्री. ठमीची आई त्या टेबलावर कापड बेतायची आणि टेबलाखालच्या टोपलीत ठमी चिंध्या चघळायची. पण अलीकडे कापड गुंडाळून बाजूला पडलं होतं आणि टेबलासमोर जिन्यापर्यंत रांग लागत होती.

ही रांग मामाने लावली. मामा म्हणजे ठमीच्या आईचा थोरला भाऊ. त्याने आजवर पाण्याचे फिल्टर, विमा आणि शहामृगाची अंडी विकून पाहिली होती. तिन्ही धंद्यांतून शहामृग तेवढं सुखरूप सुटलं. पुढे एकदा घरभाड्याचा एजंट कारखान्यात आला, त्याला बघून ठमी किंचाळली, आणि आठवड्याभरात तो लोकांची अनामत घेऊन पसार झाला. मामाला साक्षात्कार झाला. पोरगी माणसं ओळखते!

"मंडळी, शिस्तीत या!" मामा टेबलाशी उभा राहून ओरडायचा. "आत्मा म्हणजे काय? झाकण लावलेला डबा! तुम्हाआम्हाला झाकण दिसतं, हिला आतली भाजी दिसते! ओ भाऊ, खोकू नका, निकाल फिरतो. आणि दूध, शू व झोप या वेळांत न्यायालय बंद राहील."

माणूस पुढे यायचा. आईच्या मांडीवरून ठमी त्याच्याकडे बघायची, मग मान उंचावून वर बघायची, मग पुन्हा त्याच्याकडे.

"पाहिलंत? वरून परवानगी घेतली!" मामा छताकडे बोट करायचा. छताला पंखा होता.

हसली तर माणूस सज्जन, रडली तर दुर्जन. दोन भागीदाऱ्या मोडल्या, एक ठरलेलं लग्न फिसकटलं. लस देणाऱ्या डॉक्टरीणबाई, ज्यांना सगळी आळी टोचणीबाई म्हणायची, त्या "डोस चुकलाय हो हिचा" म्हणून सांगायला आल्या, तर ठमीने त्यांनाही महापापी ठरवलं. बाई म्हणाल्या, "मान्य. पण डोस घ्यायला या."

मग एका गिऱ्हाइकाचा लोकरीचा कोट गायब झाला.

"पोलिसांना बोलवायचं?" एका शिलाईवालीने विचारलं.

"कशाला? घरचं कोर्ट आहे ना," कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या आणि सगळे कामगार रांगेत उभे राहिले.

इस्त्रीकाकांची पाळी शेवटी आली. हा माणूस त्या वाफेपाशी म्हातारा झाला होता. त्याच सकाळी त्यांनी ठमीच्या आईला म्हटलं होतं, "बाई, टोपली इस्त्रीपासून लांब ठेवा. भाजलं बिजलं तर जन्माचं होईल." म्हणणं रास्त होतं, म्हणूनच तिला झोंबलं. आता हे मला आईपण शिकवणार! शिवाय आदल्या दिवशी कुलूप त्यांनीच लावल्याचं रांगेत कुणीतरी कुजबुजलं. काका समोर आले तसे आईचे दात आवळले गेले. ठमीने काकांकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि ओठ काढून भोकाड पसरलं.

"अगं, मी गं," काका तिला म्हणाले. "रोज भेटतो की आपण."

ठमी आणखी जोरात रडली. टाळ्या पडल्या. काकांनी इस्त्रीची वायर नीट गुंडाळली, एप्रन काढला, सवयीने त्याची घडी घातली आणि जिना उतरून गेले.

ठमीच्या आईला एक गोष्ट ठाऊक होती, जी मामालाही नव्हती. आधी ती ताठली होती आणि मग पोर रडली होती. हा क्रम तिने स्वतःच्या दंडात अनुभवला होता. तरी ती गप्प बसली. कारण न्यायालय सुरू झाल्यापासून तिला स्टुलाऐवजी पाठीची खुर्ची मिळत होती, आणि खुर्चीलाच पाठ असली की स्वतःचा कणा वापरायची सवय मोडते.

पण कात्री वठणीवर येईना. आखलेल्या रेघेवरून तिरकी पळू लागली. शेवटी डोसाचं निमित्त काढून ती टोचणीबाईंकडे गेली आणि सगळं ओकून मोकळी झाली.

"तुला खात्री आहे, आधी तू ताठलीस?" बाईंनी विचारलं.

"माझ्या अंगाची खात्री मला नसणार?"

"मग अपील करू. मीही आरोपीच आहे."

दुसऱ्या दिवशी बाई दोन पुरुषांना घेऊन भरगच्च कारखान्यात आल्या. ठमीच्या आईच्या कानाशी लागून म्हणाल्या, "जपून हो. निळ्या शर्टवाला आजारी म्हाताऱ्यांना लुबाडतो. पांढऱ्या शर्टवाला अनाथ मुलं सांभाळतो."

निळा शर्ट पुढे आला. ठमीने त्याला पाहिलं, आईला पाहिलं, आणि टाहो फोडला. पांढरा शर्ट आला. ठमी खुदकन हसली. मामा आनंदाने टेबलावर चढायचाच बाकी राहिला.

"निळे आमचे यजमान," बाई म्हणाल्या. "घरात बिस्किट घेतानाही विचारून घेतात. पांढरा माझा दीर. अनाथ मुलं सोडा, त्याला मांजर सांभाळता येत नाही."

"वहिनी!" दीर म्हणाला.

"गप रे. आता आईच्या तोंडावर हे कापड टाका."

ठमीने निळ्या शर्टाकडे पाहून मान वर केली. वर आईचा चेहराच नव्हता. तिने कापड ओढलं, ते सुटेना, आणि मग न्यायालयाने सरसकट शिक्षा ठोठावली. निळा, पांढरा, मालकीणबाई, सगळे दोषी. "मला ओळखेल, मी सख्खा मामा!" म्हणत मामा पुढे सरसावला, तेव्हा तर तिने शेजारच्या इमारतीपर्यंत ऐकू जाईल असा निकाल दिला.

"सुती कापड आहे," मामा पुटपुटला. "लहरी अडतात."

"लहरी नाहीत, आई अडली," बाई म्हणाल्या. "ऐका. बाळाचा मेंदू तयार कपडा नसतो, नुसतं बेतलेलं कापड असतं. घरातल्या माणसांचे चेहरे, आवाज, स्पर्श यांनी तो शिवला जातो. दीड-दोन महिन्यांचं बाळ आपल्या हसण्याला हसून उत्तर देतं. आठ-दहा महिन्यांचं झालं की अनोळखी माणसांना बिचकायला लागतं, आणि खात्री वाटेनाशी झाली की ओळखीचा चेहरा वाचतं. घाबरू की नको? ती वर बघते ती देवाकडे नाही, आईकडे. आईला एजंटाचा संशय होता, म्हणून ती किंचाळली. चोर कोण ते तिला कळत नाही. आई कळते."

सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळल्या. ठमीच्या आईने तोंडावरचं कापड काढलं.

"इस्त्रीकाकांना मीच चोर ठरवलं," ती म्हणाली. "आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढ्यात जिन्यावरून गिऱ्हाईक ओरडत आलं, "अहो, माझा कोट तुमच्या पुतळ्याने का घातलाय?" मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. घडी पडू नये म्हणून त्यांनीच तो खिडकीतल्या पुतळ्याला चढवला होता. चमत्कार बघायला आलेली अख्खी रांग रोज त्या कोटासमोरून गेली होती.

संध्याकाळी ठमीला कडेवर घेऊन आई काकांच्या दारात उभी राहिली. आत काका जेवायच्या टेबलावर पांघरूण अंथरून शेजाऱ्यांचे कपडे इस्त्री करत होते.

"काका, माझं चुकलं. मालकीणबाईंनी परत बोलावलंय."

"नको हो," काका सावकाश म्हणाले. "हात येतील, पण कान यायचे नाहीत. तिथे मला त्या टाळ्याच ऐकू येतील."

तिचा चेहरा शरमेने पिळवटला. ठमीने काकांकडे पाहिलं, वर आईकडे पाहिलं, आणि ओठ काढून रडायला लागली.

"बघा," काका कसनुसं हसले. "अपिलातही शिक्षा कायम."

घरी येऊन तिने बेतायच्या खाकी कागदावर, कापड आखायच्या खडूने लिहिलं:

प्रति, मा. प्रमुख, बालमेंदू बांधणी विभाग.
विषय: आईचा चेहरा वाचण्याची सोय तात्पुरती बंद करणेबाबत.
महोदय, बाळे आमच्या तोंडाकडे पाहून जगाविषयी मत बनवितात असे निदर्शनास आले आहे. आमची तोंडे त्या कामास अद्याप लायक नाहीत. तरी मोठ्या माणसांनी कुणालाही दोषी ठरविण्यापूर्वी पुरावा मागण्याची सवय लावून घेईपर्यंत सदर सोय स्थगित ठेवावी. ते शक्य नसल्यास, अर्जदाराचा चेहरा एका वृद्ध इस्त्रीवाल्यासमोर ज्या क्षणी आवळला गेला, तो क्षण अर्जदारास दुरुस्तीसाठी परत मिळावा, ही नम्र विनंती.