अर्थ लागला

"बाबा, चालत्या इंजिनाचा गळा कसा दाबायचा?"

हे भर गॅरेजमध्ये, गिऱ्हाइकांसमोर विचारायचं, अशी मैत्रिणींची पैज होती. त्या समोरच्या पायरीवर तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. ठिणगी नावाच्या या लेकीने मात्र मुद्दाम आवाज चढवूनच विचारलं.

बाबांनी पाना खाली ठेवला. "कुणाच्या इंजिनाचा?"

"तुमच्याच. तुमच्या जुन्या गाडीला इंजिन बंद करणारा किल स्विच नाही. मी बसवते."

"वायरिंग म्हणजे वेणी घालणं नव्हे, बाई."

"तुम्ही एकदा वेणी घालून बघा, मग बोला."

गिऱ्हाइकं हसली. बाबांनाही हसू आवरेना. "बसव. जमलं तर रोज शाळेनंतर इथे ये, शिकवतो. नाही जमलं तर गॅरेजचं नाव काढायचं नाही."

वर्षभर तिने याच परवानगीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं.

काम तसं सरळ होतं. इंजिनात ठिणगी पाडणारी वायर स्विचमधून न्यायची आणि गाडीच्या सांगाड्याला जोडायची. स्विच एका बाजूला ढकलला की वायर सांगाड्याला भिडते, ठिणगी विझते, इंजिन गप्प. गॅरेजमध्ये याला, अर्थिंगवरून, 'अर्थ लागला' म्हणतात. ठिणगीने दातांनी नव्हे, पकडीने वायर सोलली, टेप गुंडाळली आणि स्विचवर नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले. हिरवा चालू, लाल बंद.

बाबांनी स्विच हिरव्यावर ठेवून किक मारली. मग आणखी मारल्या. गाडी ढिम्म.

"झालं तुझं," बाबा कपाळ पुसत म्हणाले.

ठिणगीचा चेहरा पडला. पण हात स्विचवरच होता. "थांबा. मी घरातल्या दिव्यासारखा विचार केला. जोडलं की चालू. इथे तर जोडलं की..."

"अर्थ लागतो."

"मला आत्ता लागला." तिने स्विच लालवर ढकलला. एका किकमध्ये गाडी गुरगुरली.

"ठिपके बदल. मग बघू," बाबा म्हणाले.

"बदलते की," असं म्हणून ती हात धुवायला गेली ती गेलीच. कारण दादा रोज संध्याकाळी कुणाला न विचारता हीच गाडी पळवायचा.

संध्याकाळी गाडी घरच्या अंगणात उभी होती. दादा आला तो भांग पाडून, शीळ घालत. हिरवा ठिपका बघून खूश झाला. किक मारून मारून भांग विस्कटला, शीळ कुठल्या कुठे गेली.

"बाबा, हिने गाडीची पार वाट लावलीय."

बाबांनी तोंड उघडलं, लेकीकडे पाहिलं आणि चहाच्या कपात नाक खुपसलं. आई दारात आली. "अरे, शेजारी बघतायत. गाडीशी कुस्ती खेळतोयस का?"

ठिणगी सावकाश उठली, लाल ठिपक्यावर बोट टेकवलं, किक मारली. गाडी पहिल्या फटक्यात चालू. दादा वाकून दोन्ही ठिपके निरखू लागला.

"चोर आला तरी असाच दमेल," बाबा कपातूनच पुटपुटले.

ठिणगीने स्विच हिरव्यावर नेला. इंजिन गप्प झालं.

"आई, बाबा, ऐका. उद्यापासून शाळा सुटली की मी गॅरेजमध्ये. ठिपके आहेत तसेच राहणार. आणि दादाला गाडी हवी असेल, तर आधी मला विचारायचं."