जिन्यावरचा संत लुई

मित्रांनो, राजे, संत आणि आज्ञाधारक मुलगे या तिन्ही प्रकारांबद्दल मला फारसा आदर नाही. दुर्दैवाने मी तिघांचीही एकत्र मूर्ती आहे. फ्रान्सचा नववा लुई, ज्याला पुढे कॅथलिक चर्चने संत ठरवलं, तो मी. म्हणजे तो राजा साडेसातशे वर्षांपूर्वी गेला. मी चार फूट उंचीचं प्लास्टर आहे. डोक्यावर सोनेरी मुकुट, अंगावर निळा झगा, हातात उशी आणि उशीवर काट्यांचा मुकुट. उजव्या हाताची करंगळी गेलेली आहे. तिच्याबद्दल कुणीही विचारत नाही.

माझा जन्म शंभर वर्षांपूर्वी एका कारखान्यात झाला. तिथे चेहऱ्याचे साचे मोजकेच होते. माझ्याच चेहऱ्याला दाढी चिकटवली की संत जोसेफ तयार व्हायचा. तेव्हा माझ्या मुद्रेवर जी सात्त्विक शांतता दिसते, तिचं श्रेय लुईला देऊ नका. ती साच्याची आहे.

मग ओहायोतल्या एका चर्चमध्ये मी कित्येक वर्षं उभा होतो. लोक मेणबत्त्या लावत, गुडघे टेकत. माझी स्तुती ऐकून ऐकून मला राजाचं चरित्र पाठ झालं, आणि जे स्तुतीत आलं नाही ते मी जाडजूड पुस्तकं घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या पाद्र्याकडून ऐकलं. तो एकटाच असताना मोठ्याने वाचायचा.

लुई बाराव्या वर्षी राजा झाला, म्हणजे त्याची आई ब्लांश राज्य करू लागली. विसाव्या वर्षी त्याचं मार्गरेटशी लग्न झालं. सासूला मुलाने दिवसा सुनेजवळ बसलेलं खपत नसे. एका वाड्यात राजाची खोली वर आणि राणीची खाली होती, मध्ये गोल जिना. राजा-राणी त्या जिन्यात भेटून बोलत. राजमाता येताना दिसली की दारावरचे नोकर काठीने दार ठोठावत आणि फ्रान्सचा राजा धूम पळत आपल्या खोलीत. हाच माणूस दोनदा धर्मयुद्धाला गेला. इजिप्तमध्ये पकडला गेला तेव्हा बाळंतीण मार्गरेटने तिथलं जिंकलेलं शहर हातचं जाऊ दिलं नाही. दुसऱ्या खेपेला तो ट्युनिसला मेला. त्याच्या एका सरदाराने लिहून ठेवलंय की पाच वर्षं राजाच्या सहवासात काढली, पण त्याच्या तोंडून बायकोचा किंवा मुलांचा विषय कधी निघाला नाही. मुलं अकरा होती. एवढ्यांबद्दल मौन पाळणं सोपं नाही.

पुढे वस्तीतली माणसं कमी झाली, दोन चर्चं एकत्र केली गेली आणि आमचं बंद पडलं. बाक, घंटा, संत, सगळं हॉलमध्ये मांडून विकायला काढलं. तिथे डब्लिनच्या, म्हणजे ओहायोतल्याच डब्लिन गावच्या, शैलजाबाई आल्या. चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालेल्या, गुडघे गेलेले, नजर शाबूत. मला पाहून त्यांनी तिथल्या बाईंना विचारलं, हे कोण. बाई म्हणाल्या, ‘‘राजा होता. संत झाला. आईचा शब्द कधी मोडला नाही.’’

झालं. मला त्यांच्या घरी जिन्याच्या वळणावर उभं केलं. अमेरिकेत आलेला मराठी माणूस कुणाचीही मूर्ती असो, चपला काढूनच जवळ जातो. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. प्लास्टर कुंकू पिऊन टाकतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून तेव्हापासून माझं कपाळ गुलाबी आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या माझ्यापाशी आणत. ‘‘एवढा राजा, पण आईच्या शब्दाबाहेर नाही,’’ म्हणत आणि मग सोफ्यावर बसलेल्या यतीनकडे बघत. यतीन त्यांचा एकुलता मुलगा, वय त्रेचाळीस. तो माझ्याकडे पाहून हसायचा. माझ्या साच्यातला वाटायचा.

त्या घरात खाली सगळं एकच मोकळं दालन, आणि वर शैलजाबाई आणि यतीनच्या खोल्यांमध्ये एक पातळ भिंत. त्यामुळे यतीन आणि त्याची बायको आसावरी खाजगी बोलायला माझ्यापाशी, जिन्याच्या वळणावर यायचे. शैलजाबाईंच्या गुडघ्यांसाठी कठड्यालगत रुळावर चालणारी विजेची खुर्ची बसवली होती. ती सुरू झाली की घरभर गुंगुंग आवाज होई. आवाज आला की यतीन दोन-दोन पायऱ्या ओलांडून वर जाई आणि आसावरी धुण्याची टोपली उचले. आठशे वर्षांत एवढीच प्रगती झाली होती. काठ्यांच्या जागी मोटर आली.

डिसेंबरात आसावरीला देशाच्या पार पश्चिम टोकाच्या बॉथेलहून नोकरीची ऑफर आली. औषधांवर संशोधन करणाऱ्या एका कंपनीत अख्खा गट तिच्या हाताखाली. पंधरा वर्षं ती ज्यासाठी राबली होती ते हेच.

‘‘माझ्या ऑफिसने रिमोटला हो म्हटलंय यार,’’ यतीन कुजबुजला. ‘‘फक्त आईशी बोलायचंय.’’

‘‘मग बोल ना.’’

‘‘संक्रांत होऊ दे.’’

संक्रांत झाली.

‘‘बोललास?’’

‘‘तिचा फिजिओ चालू आहे. मूड बघून काढतो विषय.’’

‘‘यतीन, सोमवारी उत्तर द्यायचंय. एकदा मुदत वाढवून घेतलीये मी. परत नाही देणार ते.’’

‘‘आईला नाही चालणार, आसावरी. तुला माहितीये ती कशी आहे.’’

गुंगुंग. तो वर, ती टोपलीपाशी. लुईने निदान वाळवंटात तलवार धरली होती. याने संक्रांतीच्या तिळगुळाआड सहा आठवडे काढले.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, घरी हळदी-कुंकू होतं. पंधरा-वीस बायका, वाणाचे डबे, तिळाच्या वड्या. यतीन चहाचे ट्रे फिरवत होता आणि त्याबद्दल त्याचं अमाप कौतुक होत होतं. त्याची अकरा वर्षांची मुलगी रुही हिने शाळेच्या प्रोजेक्टसाठी मलाच निवडलं होतं. शैलजाबाई म्हणाल्या, ‘‘वाच गं सगळ्यांसमोर. आपल्या राजाची गोष्ट.’’

रुहीने इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. आई, राज्य, लग्न. मग जिना, नोकर, काठ्या. बायका आधी हसल्या. मग रुहीने पुढचं पान वाचलं. बाळंतपणात मार्गरेट मरणाच्या दारात होती, राजा तिच्याजवळ बसला होता. आई आली, त्याचा हात धरला आणि म्हणाली, चल, तुझं इथे काही काम नाही. आणि तो निघाला. तेव्हा राणी ओरडून म्हणाली, मरतानाही मला माझ्या नवऱ्याला बघू देणार नाही का तुम्ही.

कुणी हसलं नाही.

‘‘अगं, पण संत होता ना तो?’’ लतिकाकाकू म्हणाल्या. त्या शैलजाबाईंच्या जुन्या मैत्रीण.

‘‘ही वॉज सो स्केअर्ड ऑफ हिज मॉम,’’ रुही म्हणाली. ‘‘लाइक, अ किंग. आजी, व्हाय डिडन्ट ही जस्ट टॉक टू हर?’’

शैलजाबाईंनी तिला जवळ घेतलं, तिळाची वडी दिली आणि विषय थंडीवर नेला.

पाहुणे गेल्यावर यतीन आणि आसावरी वळणावर आले. ‘‘आज नको,’’ यतीन म्हणाला. ‘‘आज ती अपसेट आहे.’’ खालून खुर्ची सुरू झाली. यतीन दोन पायऱ्या चढला. आसावरीने टोपलीकडे पाहिलं आणि ती जागची हलली नाही. खुर्ची वळणावर आली. शैलजाबाईंनी बटणावरचं बोट काढलं.

‘‘काय चाललंय?’’

‘‘आई, मला बॉथेलला जॉब मिळालाय. मोठा आहे. उद्या उत्तर द्यायचंय. यतीनला तिथून काम करता येतं. सहा आठवडे झाले.’’

‘‘सहा आठवडे? मला का नाही सांगितलं?’’

‘‘यतीन म्हणाला, तुम्हाला चालणार नाही.’’

‘‘नाहीच चालणार. बॉथेलला कोण आहे माझं?’’ मग त्यांनी मान वर करून पायरीवरच्या मुलाकडे पाहिलं. ‘‘पण मी नाही म्हटलं कधी? विचारलंस तू मला?’’

‘‘आई, तुला त्रास होईल म्हणून मी...’’

‘‘चाळीस वर्षं लोकांना भूल दिली मी, यतीन. मला स्वतःला लागत नाही.’’

आसावरीने फोन काढला, चार ओळी लिहिल्या आणि सासूसमोरच पाठवून दिल्या. ‘‘मी हो कळवलं. रुहीची शाळा ऑगस्टपासून तिकडे. घर बघतेय ते तुमची खोली धरून बघतेय, खालच्या मजल्यावर. यायचं की नाही ते तुम्ही सांगा. पण मला सांगा, यतीनजवळ निरोप नको.’’

शैलजाबाईंनी खुर्चीच्या बटणावर पुन्हा बोट ठेवलं. ‘‘सांगते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लगेच नाही सांगणार. माझी इथली तीस वर्षं आहेत.’’

‘‘चालेल.’’

‘‘मग मी काय करू?’’ यतीनने विचारलं.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. खुर्ची वर गेली, आसावरी खाली गेली. यतीन पायरीवर बसला. बसल्यावर त्याची उंची बरोबर माझ्याएवढी होते. बराच वेळ आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होतो, आणि खरं सांगतो, त्याचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त शांत होता.

मित्रांनो, प्लास्टरची मूर्ती घरी असेल तर ती ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हात ठेवू नका, आणि कुंकू लावायचा मोह आवरा. एवढं केलंत तर आम्ही शंभर वर्षं टिकतो. तुमच्या घरात कुणी मुलगा आईचं किती ऐकतो म्हणून कौतुकाचा विषय झाला असेल, तर त्याची काळजी मात्र वेगळी घ्यावी लागते. त्याला एक साधा प्रश्न विचारा आणि उत्तर देईपर्यंत वर जाऊ देऊ नका. पुतळ्याने गप्प राहावं, त्याला तेवढ्यासाठीच ओतलेलं असतं. माणूस गप्प राहिला की दुसऱ्या कुणाला तरी त्याच्या वाटणीचं बोलावं लागतं, आणि बहुतेक वेळा ती त्याची बायको असते.